सात काचा राहिल्या

१

सोमवारी सकाळी साडेदहाला चार माणसांच्या देखत डॉ. अजित देवस्थळींचं प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, आणि ज्याच्यासाठी ते उघडलं तेवढंच नेमकं त्यात नव्हतं.

बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. वरच्या खणात जुन्या इमल्शन प्लेटा, मधल्या खणात काचांच्या पेट्या, खाली छत्री, एक जोडी चपला आणि अर्धी संपलेली खडीसाखरेची बरणी. किल्ली फिरवणारी नीरजा त्या बरणीकडे बघत राहिली. बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते, आणि मुंग्यांना अजून तिचा पत्ता लागला नव्हता.

"पाकीट?" मागून प्रोफेसर कृष्णमूर्तींनी विचारलं.

"नाहीये."

"नीट बघ ना, मरी," कन्नडमध्ये लेकराला म्हणतात तसं ते म्हणाले. "ब्राऊन पाकीट. लाखेचा शिक्का आहे त्याला."

नीरजाने तिन्ही खण रिकामे केले. बाबांकडे पीएचडी करणाऱ्या अनुषाने ते पुन्हा तपासले. निवृत्त मदतनीस तानूबाई तेवढ्या दाराशी उभ्या राहिल्या, खांद्यावरची कापडी पिशवी घट्ट धरून. पाकीट नव्हतं.

हे पाकीट म्हणजे काय, ते नीरजाला लहानपणापासून माहीत होतं. अजितरावांनी उमेदीची वर्षं अणूच्या केंद्रकात घालवली आणि पुढची पेशीच्या. लोक विचारायचे, एवढी मोठी उडी कशी मारलीत? ते म्हणायचे, "उडी कसली? तेव्हाही मायक्रोस्कोपखाली काच ठेवून मोजत होतो, आताही तेच करतो." मोजण्याचा नियमही तोच राहिला. प्रत्येक काच दोघांनी मोजायची, एकमेकांचे आकडे न बघता. आणि काच कुणाची हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक असता कामा नये, कारण एकदा कळलं की डोळा त्याला हवं तेच बघतो. म्हणून काचेवर नुसता क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी बंद पाकिटात. नावं अजितराव लिहीत, आणि मोजणीत नसलेला एखादा बाहेरचा माणूस त्यांपुढे क्रमांक घालून, नक्कल न ठेवता, पाकीट बंद करी. दुसरी मोजणी संपेपर्यंत पाकीट फोडायचं नाही.

या वेळी काचा चाळीस होत्या. काही एक्स-रे यंत्राजवळ आयुष्य काढलेल्या तंत्रज्ञांच्या रक्ताच्या, काही इतरांच्या. किरणांनी पेशीला इजा केली असेल, तर ती दुभंगताना केंद्रकाचा एखादा तुकडा बाहेर राहतो आणि मोठ्या केंद्रकाशेजारी इवलासा गोळा होऊन बसतो. त्याचं शास्त्रीय नाव सूक्ष्मकेंद्रक. अजितराव त्याला पिल्लू म्हणत. हजार पेशींमागे पिल्लं किती, एवढाच प्रश्न. अनुषाने चाळीसही काचा मोजल्या होत्या. दोन वर्षं लागली होती. दुसरी मोजणी अजितरावांची. हिरव्या शाईतली त्यांची नोंद तेहतीसाव्या काचेवर थांबली होती.

"यादीशिवाय हे नुसते आकडे आहेत," कृष्णमूर्ती इंग्रजीत म्हणाले, आणि मग नीरजासाठी मराठीत, "अनुषाची प्रबंधाची मुदत शुक्रवार बारा वाजता. पाकीट आला नाही तर मला कमिटीला सांगायला लागेल, यादी गेली. मग ते पहिला प्रश्न काय विचारतील? चोरून बघायचा फायदा कुणाला?"

कुणी अनुषाकडे बघितलं नाही. न बघणं सगळ्यांनाच जड गेलं.

त्या कपाटाच्या किल्ल्या तीन. एक अजितरावांची, आता नीरजाकडे. एक विभागप्रमुख म्हणून कृष्णमूर्तींकडे. तिसरी पलीकडच्या फळीच्या खिळ्याला, अनुषा आणि तानूबाई दोघींच्या हाताशी.

आणि कपाटाचं कुलूप शाबूत होतं.

२

नीरजा बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची. चूक कुणी केली हे ती कधी विचारत नसे. शेवटचा हात कुणाचा लागला, एवढंच बघायची. तिने चार दिवसांची रजा टाकली.

"नीरजाअक्का, मी नाही घेतलं," दार लावल्याबरोबर अनुषा म्हणाली. बेळगावची मुलगी, घरात मराठी, शाळा कन्नड. रडवेली झाली की दोन्ही एकत्र यायच्या. "देवराणे, देवाशप्पथ! सरांनी मला काय शिकवलं आणि मी काय करणार?"

"मी विचारलंच नाही अजून."

"सगळे विचारतायत की. तोंडाने नाही, एवढंच."

"पाकीट शेवटचं कधी बघितलंस?"

"सर गेले त्यानंतर आठवड्याने. कृष्णमूर्ती सर आत येऊन म्हणाले, सात काचांचं काय एवढं, तेहतीस झाल्यात ना दोनदा, उरलेल्यांना एकच मोजणी पुरे, उघडू या पाकीट. मी म्हटलं, नीरजाअक्का आल्याशिवाय नको. तेव्हा होतं. मी आणि तानूअक्का दोघींनी बघितलं."

"तुला उघडायचं नव्हतं?"

अनुषाने नाक पुसलं. "उघडायचं होतं. म्हणून तर भीती वाटली."

नीरजाला ते उत्तर आवडलं. तिने बाबांच्या मायक्रोस्कोपवरचं आवरण काढलं. "मला एक काच दाखवशील? कुठलीही."

अनुषाने एक काच लावली आणि शेजारच्या पडद्याकडे बघत चाकं फिरवली. ती आयपीसला डोळा लावतच नसे. तिचं सगळं मोजणं कॅमेऱ्यावर, माउसने टिचक्या मारत. "सर चिडवायचे मला. म्हणायचे, मॅच टीव्हीवर बघतेस तू. बघा, आलं."

नीरजा वाकली. क्षणभरात दोन वर्तुळं एक झाली आणि समोर जांभळी केंद्रकं तरंगली, पेशीत जोडीजोडीने, एकमेकींना चिकटून बसल्यासारखी. बाबांनी शेवटचं बघितलं ते असंच, असं तिच्या मनात आलं. ती झटकन सरळ झाली, आणि तेवढ्या घाईत, शोधणाऱ्याने जे बघायला हवं होतं, ते तिच्या डोळ्यांदेखत निसटलं.

३

"स्वल्प बस, नीरजा. कॉफी घे."

कृष्णमूर्तींना मराठी तिच्या आईने शिकवलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी, पिठलं खाऊ घालता घालता. क्रियापदांची लिंगं शिकवायच्या आत आई कंटाळली. नीरजा त्यांना लहानपणापासून अंकल म्हणत आली होती, त्यामुळे उलटतपासणी अवघड होती.

"अंकल, पाकीट उघडायची घाई तुम्हालाच होती."

"होती." त्यांनी टेबलावरचं विद्यापीठाचं पत्र उचललं, उजव्या डोळ्याला भिंग लावून तिच्यासमोर वाचलं. डावा डोळा सहा वर्षांपूर्वी गेला होता. "हे बघ. मुदत तीन वेळा वाढवली. चौथ्यांदा नाही. अजित असता तर मी भांडला असता त्याच्याशी, आणि हरला असता. तो नाही. मग मुलीचं वाटोळं करू काय, सात काचांसाठी?"

"बाबा काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, मूर्ती, तू गणिती आहेस, तुला घाई शोभत नाही." ते हसले आणि हसू अर्ध्यात राहिलं. "दवाखान्यात मी रोज जायचा. शेवटी शेवटी तो बोलत नव्हता. आणि तू मला विचारते पाकीट चोरला काय?"

"विचारावंच लागेल ना."

"बरोबर आहे. विचार." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नाही चोरला. आणि चोरला असता तर लपवला कशाला असता? उघडला असता. मी आहे प्रमुख."

दारापर्यंत गेल्यावर नीरजा थांबली. हे खरंच होतं. पाकीट उघडायचं असलेल्या कुणालाही ते लपवायची गरज नव्हती. मग घेणाऱ्याला ते उघडायचं नव्हतं, की उघडूच द्यायचं नव्हतं?

४

तानूबाई निपाणीच्या. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली नवरा वारल्यावर भावाबरोबर बेंगळुरूला आल्या आणि इमल्शन प्लेटा तपासायच्या नोकरीला लागल्या. आकाशातून आलेला कण चांदीच्या एखाद्या अणूच्या केंद्रकावर आदळला की प्लेटेत काळ्या रेषांची चांदणी उमटते. ती शोधून नोंदवायची. शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहीत, आणि चांदण्या शोधत तानूबाईंसारख्या बायका. त्यांचं नाव कुठल्याच निबंधावर नव्हतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हेब्बाळहून सकाळची पहिली बस धरून त्या यायच्या, भिंगं पुसायच्या आणि दुपारी जायच्या. घरी करमत नाही म्हणायच्या.

मंगळवारी त्यांनी नीरजासमोर डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"खा अगोदर. वाळूलालीस बघ."

"मावशी, पाकीट कुणी घेतलं असेल?"

तानूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. निपाणीकडच्या बायका स्वतःलाही 'आलो, गेलो' म्हणतात तशा, पुरुषी वळणाने त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? घेतलेला माणूस परत देईल बघ. फोडणार न्हाई त्यो."

"एवढी खात्री?"

"सायबांच्या हाताखालचं माणूस असंल तर न्हाई फोडायचं."

"अनुषावर आळ येतोय."

हात थांबला. "येवू देणार न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. मग भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "दवाखान्यात मी गेलतो न्हवं, सायब डोळे उघडले. म्हणाले, तानूबाई, सात राहिल्या. बस्स, तेवढंच."

नीरजाने मान खाली घातली. बाबांनी तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य पंख्याबद्दल होतं. पंखा कमी कर, म्हणाले होते. काचांचा तिला थोडा हेवा वाटला.

तानूबाईंनी उरलेली चटणी तिच्या हातात कोंबली आणि पिशवी उचलली. पिशवी त्यांनी जेवतानाही मांडीवरच ठेवली होती.

५

बुधवारी काहीच हाती लागलं नाही. संध्याकाळी अनुषाचा फोन आला. वडील बेळगावहून निघालेत, आळ ऐकूनच. "त्यांना काय सांगू, अक्का?"

नीरजा इंदिरानगरच्या घरात बाबांच्या वस्तू लावत बसली. कपडे द्यायचे होते, पुस्तकं ठेवायची होती, आणि चष्म्याचं काय करायचं असतं ते कुणी सांगत नाही. जाड काळ्या काड्यांचा वाचायचा चष्मा. तिने तो डोळ्यांवर चढवला. खोली फाकली. दोन्ही भिंगांचे मध्य तिच्या डोळ्यांच्या कितीतरी बाहेर होते.

बाबांचा चेहरा रुंद, डोळे लांब लांब. तिचे आईसारखे, जवळ जवळ. लहानपणी प्रयोगशाळेत गेली की बाबा तिला स्टुलावर उभं करायचे, आयपीसच्या दोन्ही नळ्या धरून एकमेकींकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "थांब, तुझ्यासाठी जग अरुंद करतो." कधीही गेली तरी आधी हे करावंच लागायचं. नाहीतर दोन वर्तुळं दोनच राहायची.

तिने चष्मा काढला.

सोमवारी तिने नळ्या सरकवल्या नव्हत्या. नुसती वाकली होती, आणि दोन वर्तुळं क्षणात एक झाली होती.

मायक्रोस्कोप बाबांचा. सोमवारी त्यांना जाऊन बावीस दिवस झालेले. पण त्यावर शेवटचे डोळे बाबांचे नव्हते.

६

गुरुवारी सकाळी सात वाजता प्रयोगशाळेचा दिवा लागलेला होता. तानूबाई मायक्रोस्कोपसमोर बसल्या होत्या. मोजत मात्र नव्हत्या. यंत्राचा दिवा बंद, हात मांडीवर.

"मावशी."

त्या दचकल्या नाहीत. "ये. वाटच बघूलालतो."

नीरजा शेजारच्या स्टुलावर बसली. "अनुषा पडद्यावर बघते, आयपीसला हात लावत नाही. अंकलना एकच डोळा; एका डोळ्याच्या माणसाला नळ्या जुळवाव्या लागत नाहीत. उरलं कोण, दोन्ही डोळ्यांनी बघणारं आणि डोळे जवळ असणारं?" तिने आयपीसच्या नळ्यांवर हात ठेवला. "सोमवारी मला बाबांची नजर हवी होती. मिळाली तुमची."

तानूबाईंनी पिशवीतून एक वही काढली. शाळेची, दोनशे पानी. आत रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सरळ आकड्यांची ओळ. चौतीस, पस्तीस, छत्तीस. मग अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

"सात राहिल्या म्हणाले सायब. मला काम सांगितलेत असं वाटलं मला. तवर मूर्तीसाहेब म्हणाले, फोडू या. ते प्रमुख, माझं कोण ऐकणार? रिटायर बाई. म्हणून उचललो. सात झाल्या की ठेवणार होतो परत. एकीला दोन दोन दिवस लागत्यात गं, डोळे पहिल्यासारखे न्हाईत."

"मग सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सोमवारी पाच झालत्या. सांगितलो असतो तर मूर्तीसाहेब तिथंच फोडले असते." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पोरीकडं बघवत न्हवतं. काल सहावी झाली. रात्रभर झोपलो न्हाई."

"सदतीस का नाही मोजली?"

तानूबाईंनी वही मांडीवर ओढली. बाहेर कुणीतरी पाला झाडत होतं.

"लावलो होतो. दहा पेशी बघितलो आणि काढलो. त्यात पिल्लंच पिल्लं. तंत्रज्ञाच्या रक्तात असली न्हाई दिसत. असली दिसत्यात शेक घेतलेल्या माणसाच्या." शेक म्हणजे किरणांचे उपचार. अजितरावांनी तीस घेतले होते. "तीन वर्साखाली दिवाळीअगोदर सायब दवाखान्यातनं सरळ हिकडं आले. दंडाला कापूस. म्हणाले, तानूबाई, दाबून धरा जरा. कशाला काढलं रक्त ते मी विचारलो न्हाई."

नीरजाने वहीत छत्तीस आणि अडतीसच्या मध्ये बोट ठेवलं.

"मोजणाऱ्याचे डोळे नेमके ठिकाणावर आहेत का, ते बघायला सायब दर वेळी एक जबर काच टाकायचे. ह्या वेळी स्वतःची टाकली. आणि मी वळखलो. वळखली की मोजायची न्हाई. नियम हाय. अनुषा मोजली तवा तिला काय ठावं न्हवतं, तिचं चालतंय. पण दुसरा कोण? तूसुद्धा न्हाई आता. तुला सांगितलो मी."

उद्या दुपारी बारा. चाळीसातली एक काच, आणि तिला असा माणूस हवा होता ज्याला मोजता येतं आणि जो ओळखत नाही.

"मावशी," नीरजा म्हणाली, "एका डोळ्याने मोजता येतं?"

तानूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पंचवीस दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "आमच्या वेळी एकच नळी असायची की. मूर्तीसाहेबांना मीच शिकवलोय."

७

"काय? मी?" कृष्णमूर्ती म्हणाले. "तीस वर्षं झाली!"

"पाकीट सुरक्षित आहे, अंकल. सातवी काच मोजून झाली की टेबलावर येईल. कुणी घेतलं ते आता विचारू नका. काचेबद्दलही काही विचारू नका. नुसती मोजा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, तानूबाईंकडे बघितलं, पिशवीकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग कोट काढून खुर्चीला लावला.

टेबलावर टिकटिक करणारे दोन काउंटर. डाव्या हाताचा प्रत्येक पेशीला, उजव्या हाताचा पिल्लू दिसलं की. तानूबाईंनी तेलाचा थेंब टाकला आणि मागे सरकल्या. नीरजा खिडकीशी बसली. डावा काउंटर संथ चालायचा, आणि उजवा साधारणपणे तासात जेमतेम चारदोनदा वाजावा. आज तो थांबेचना. डावा सात-आठ वाजला की उजवा. पुन्हा उजवा. कधी लागोपाठ दोनदा.

"अय्यो," कृष्णमूर्ती आयपीसवरून डोळा न काढता म्हणाले. "कोण आहे हा?"

डावा काउंटर पुन्हा चालू लागला.

"जो कोणी असेल तो. लई सोसला आहे बिचारा."

तानूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. नीरजाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक शब्द बोलली असती तर काच वाया गेली असती. "मोजा, अंकल," ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सातशे पेशी झाल्या. उरलेल्या तीनशे शुक्रवारी सकाळी. साडेदहाला त्यांनी आकडा कागदावर लिहिला, अनुषाने आपल्या नोंदीतला पुढे ठेवला. एकशे एक्केचाळीस. एकशे अडतीस. दोन माणसं, मध्ये कित्येक महिने, तीन पिल्लांचा फरक.

तानूबाईंनी पिशवीत हात घातला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. लाखेचा शिक्का अखंड.

कृष्णमूर्तींनी ते उचललं, नाकाशी नेलं. "याला शेंगदाणा चटणीचा वास का येतो?"

"मला काय म्हाईत," तानूबाई म्हणाल्या.

"सरी, सरी, असू दे." त्यांनी पाकीट नीरजापुढे केलं. "तू फोड."

हिरव्या शाईतली नावं, पुढे दुसऱ्याच्या अक्षरात क्रमांक. अनुषा क्रमांक वाचत गेली, कृष्णमूर्ती खुणा करत गेले. तंत्रज्ञांच्या काचांत पिल्लं इतरांपेक्षा जास्त होती. फार नाही, पण दोन्ही मोजण्यांत सारखीच जास्त. अनुषाचा आवाज चढत गेला. मग ती अडखळली.

"सदतीस," ती म्हणाली, आणि पुढे वाचेना.

कृष्णमूर्तींनी कागद घेतला, भिंग लावलं. सदतीस क्रमांकाशी हिरव्या शाईत लिहिलं होतं: अ. दे. माझीच. ज्याने ओळखली त्याने मोजू नये.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं, मग खिशात घातलं. "मी काय म्हणाला काल," ते पुटपुटले. "बिचारा म्हणाला ना मी?"

"बरोबरच म्हणालात," नीरजा म्हणाली.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना अनुषाने प्रबंध दाखल केला. कार्यालयाबाहेर तिचे वडील हातात जेवणाचा डबा घेऊन उभे होते. दुसऱ्या मोजणीच्या पानावर तीन नावं होती: अजित देवस्थळी, तानूबाई चौगुले, आर. कृष्णमूर्ती. मधलं नाव तानूबाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, चौगुलेतला चौ जरा मोठा यायला पायजे होता.

सगळे जेवायला गेल्यावर नीरजाने सदतीसावी काच लावली. आता बघायला हरकत नव्हती. दोन वर्तुळं लगेच एक झाली. एका पेशीत दोन जांभळी केंद्रकं, शेजारी एक इवलंसं. तिने पुष्कळ वेळ बघितलं. मोजलं नाही.

मग काच पुसून पेटीत ठेवली. नळ्यांमध्ये एक बारीक पट्टी असते, डोळ्यांतलं अंतर दाखवणारी. काटा अठ्ठावन्नवर होता. बाबांचा आकडा तिला चष्म्याच्या चिठ्ठीवरून कळला होता. तिने नळ्या हलकेच अडुसष्टपर्यंत फाकवल्या आणि वरून आवरण घातलं.